कार्ड आहे, पण धान्य नाही : रेशनची तुटलेली कडी शोधायची कशी

"भाऊ, कार्ड हाय की. मग धान्य कामून देईनात?"

तहसीलच्या पायरीवर हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की विचारणाऱ्याच्या हातातली पॉलिथीनची पिशवी बघूनच पुढचं कळतं. पिशवीत केशरी कार्ड असतं, घडीवर फाटलेलं, पण जिवापाड जपलेलं. तोवर तीन-चार फेऱ्या झालेल्या असतात. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडालेली असते. आणि बहुतेक फेऱ्या चुकीच्या खिडकीपाशी झालेल्या असतात.

मराठवाड्यात धान्य अडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. कार्ड हातात असणं, कार्डाची ऑनलाइन नोंद असणं, कार्ड धान्याच्या योजनेत असणं, प्रत्येक माणसाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेली असणं आणि दुकानात अंगठा लागणं या पाच वेगळ्या कड्या आहेत. एक तुटली की धान्य थांबतं, आणि प्रत्येकीची दुरुस्ती वेगळ्या ठिकाणी होते. म्हणून आधी कडी शोधायची, मगच घराबाहेर पडायचं.

टप्पा १ : कार्ड कोणत्या योजनेत आहे ते ओळखा

रंगावर जाऊ नका. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. केशरी कार्ड धान्य मिळणाऱ्याचंही असतं आणि न मिळणाऱ्याचंही.

अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, घरात दोन माणसं असोत की नऊ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं. जानेवारी २०२३ पासून दोन्हींचं हे धान्य मोफत आहे. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये आहे. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब लाभार्थी' असा शिक्का आहे का ते बघा. शिक्का पुसट असेल तर टप्पा २ मध्ये ते ऑनलाइन कळेल.

आता इथली खास अडचण. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या बऱ्याच शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ मिळत होता. ते प्राधान्य यादीत नव्हते. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरच्या) शेतकऱ्यांसाठी ती वेगळी योजना होती. २०२३ मध्ये धान्य बंद करून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये थेट बँक खात्यात द्यायचं ठरलं, आणि २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली. ज्यांना हे कुणी नीट सांगितलं नाही ते अजून दुकानदाराशी भांडतात. "आमचा माल खाल्ला" म्हणतात. त्या दुकानात त्यांच्या नावाचा माल येतच नाही. तुम्ही या गटात असाल तर दुकानात जाऊन उपयोग नाही. सातबारा, कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि कुटुंबप्रमुख बाईच्या बँक पासबुकाची झेरॉक्स घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात जा. तुमचा अर्ज ऑनलाइन भरलाय का आणि पैसे कोणत्या खात्यात जातात, हे विचारा. खातं बाईच्या नावाचं नसणं किंवा आधारशी जोडलेलं नसणं, या दोन कारणांनी पैसे अडकलेले मी जास्त पाहिलेत.

> सावध : पात्र असणं आणि यादीत असणं एक नाही. २०११ च्या जनगणनेवरून राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरवून दिली आहे. तिलाच कार्यालयात 'इष्टांक' म्हणतात. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर मृत्यू, स्थलांतर किंवा दुबार नावं कमी होऊन जागा होईपर्यंत नवीन कुटुंब बसत नाही. "तुमचं होत नाही" एवढ्यावर परत फिरू नका. इष्टांक शिल्लक आहे का, आणि नसेल तर माझ्या अर्जाचं काय केलं, हे दोन प्रश्न अर्जातच लिहा.

टप्पा २ : बारा अंकी नंबरावरून नोंद तपासा

कार्डावर छापलेला जुना नंबर कामाचा नाही. लागतो तो संगणकातला बारा अंकी नंबर. बहुतेक दुकानदार तो कार्डाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून देतात. जुन्या पावतीवरही असतो. कुठेच नसेल तर दुकानदाराला आधार नंबरावरून मशीनमध्ये बघायला सांगा.

हा नंबर राज्याच्या ई-पॉस (दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या) संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स'मध्ये किंवा 'मेरा राशन' ॲपमध्ये टाकला की कार्डावर कोण कोण आहे, योजना कोणती, या महिन्याला किती धान्य आणि आधी कोणत्या तारखेला किती उचललं, हे सगळं दिसतं. दहावीतल्या पोराला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे. पडद्याचा फोटो काढून ठेवा.

जे दिसेल त्यावरून पुढची वाट ठरते.

- नंबरच सापडत नाही : कार्ड ऑनलाइन झालेलं नाही किंवा बंद झालंय. तहसील, पुरवठा विभाग.
- नंबर आहे, योजना 'एपीएल' दिसते : टप्पा १ कडे परत जा.
- योजना बरोबर, माणसं कमी : टप्पा ३ आणि ४.
- सगळं बरोबर, पण एखाद्याच्या नावापुढे केवायसी बाकी : टप्पा ५.
- तुम्ही न उचललेलं धान्य उचललेलं दिसतं : थेट टप्पा ८. हा फोटो पुसू देऊ नका, याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

> तपासा : प्राधान्य कार्डावर घरात सहा माणसं असून २० किलोच मिळत असेल तर दुकानदार दहा किलो मारतोय असं धरून चालू नका. ऑनलाइन चारच नावं असतील. आधी मोजा, मग बोला.

टप्पा ३ : कागद जुळवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी एक संध्याकाळ घालवली तर तहसीलच्या दोन फेऱ्या वाचतात.

कार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं सतरंजीवर मांडा आणि एकेक नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे कार्डावर 'सखुबाई', आधारावर 'सखू', बँकेत 'सखूबाई मारोती' आणि सातबाऱ्यावर भलतंच काही, असं सर्रास असतं. बाईचं नाव माहेरचं की सासरचं, मधलं नाव बापाचं की नवऱ्याचं, हे खास बघा. जन्मतारीखही बघा; आधारावर नुसतं साल असेल तर एक जानेवारी पडलेली असते.

चूक दिसली तर आधी आधार दुरुस्त करायचं की कार्ड? माझा सल्ला असा : बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे आधारच लागतं, म्हणून आधारावरचं नाव बरोबर असेल तर कार्ड त्याप्रमाणे करून घ्या. आधारच चुकलं असेल तर आधी ते. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका, एकाची दुरुस्ती दुसऱ्याला अडवते.

बाकीचे कागद कामानुसार लागतात. नवीन कार्डाला नमुना १ चा अर्ज, राहण्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला. नाव वाढवायला नमुना ८, नाव कमी करायला नमुना ९, हरवलेल्या कार्डाच्या दुबार प्रतीला नमुना १५. उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रातून काढतात आणि त्याला आठ-दहा दिवस सहज जातात, म्हणून तो सगळ्यात आधी टाका.

शपथपत्रासाठी स्टॅम्प आणा असं कुणी सांगितलं तर लगेच पैसे घालवू नका. २०१५ पासून राज्यात बहुतेक कामांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. स्टॅम्पच लागतो म्हणत असतील तर कोणत्या नियमानं, ते लिहून मागा. शांतपणे विचारलं की पुष्कळदा साधा कागदच चालून जातो.

पारधी, वडार, मसणजोगी वस्त्यांवरच्या कुटुंबांकडे घरपट्टी नसते, वीजबिल नसतं, म्हणून ती पहिल्याच पायरीवर अडतात. त्यांनी एकेकट्यानं जाऊ नये. मतदार यादीतलं नाव, पोरांचा शाळेतला दाखला, अंगणवाडीतली नोंद, तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, जे मिळेल ते गोळा करून पाच-दहा कुटुंबांचे अर्ज एकत्र द्यावेत. एकट्या माणसाचा अर्ज बाजूला सारणं सोपं असतं. दहा जण समोर उभे असले की कुणीतरी कागद हातात घेतं.

टप्पा ४ : आधी नाव कमी, मग नाव जास्त

हा क्रम उलटा झाला की महिने वाया जातात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढवायचं तर माहेरच्या कार्डावरून ते आधी कमी झालं पाहिजे. तिचा आधार नंबर एका कार्डावर असेपर्यंत संगणक दुसऱ्यावर घेतच नाही.

माझ्या हातून ही चूक झाली आहे. परभणी जिल्ह्यातून आमच्याकडे नांदायला आलेल्या एका मुलीचा नमुना ८ मी घाईत भरून दिला. अर्ज घेतला गेला, पण आत तसाच पडून राहिला. आम्ही 'होईल, होईल' म्हणत बसलो. तिचं धान्य तिकडेही कुणी उचलत नव्हतं आणि इकडेही नव्हतं. ती तेव्हा गरोदर होती. ते चार महिने मला अजून टोचतात.

म्हणून क्रम असा ठेवा :

1. माहेरच्या तालुक्यात नमुना ९ द्या. सोबत लग्नपत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला.
2. नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्या. "झालंय, जा" यावर विश्वासून निघू नका.
3. दोन-चार दिवसांनी माहेरच्या बारा अंकी नंबरावर तिचं नाव खरंच गेलंय का ते बघा.
4. मगच सासरी नमुना ८.

भाऊ वेगळे निघाले की वेगळं कार्ड करतानाही हीच रीत. अंत्योदय कार्ड असेल तर मात्र थोडं थांबा आणि घरात बसून बोला. ३५ किलो कार्डाला मिळतात. जो वेगळा होईल त्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही आणि नवीन कार्ड इष्टांकात बसेलच असंही नाही.

मयताचं नाव तसंच ठेवायचा मोह होतो, पाच किलो जास्त येतात म्हणून. ठेवू नका. त्या एका नावामुळे केवायसीत सगळं कार्ड संशयात येतं, आणि त्या जागेवर गावातलं दुसरं उपाशी घर बसू शकतं.

टप्पा ५ : ई-केवायसी आणि अंगठा

केवायसी कुटुंबाची नसते, माणसाची असते. बापानं अंगठा दिला म्हणजे घराचं झालं, हा गैरसमज गावोगाव आहे. कार्डावरच्या प्रत्येकाला एकदा स्वतः हजर राहावं लागतं. ती कोणत्याही रेशन दुकानात होते आणि फुकट होते. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा तिथल्या दुकानात करू शकतो. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर घरबसल्या चेहरा दाखवूनही होते, फक्त आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे.

लहान मुलांचं वेगळं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारात बोटांचे ठसे नसतातच. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे घालावे लागतात आणि पंधरा वर्षांचं झालं की पुन्हा. हे राहिलं तर दुकानातली मशीन मुलाला ओळखत नाही आणि आईबाप दुकानदाराला दोष देतात. दुकानात न जाता आधी आधार केंद्रात जा.

आता अंगठ्याचं. कापूस वेचून, ऊस तोडून, वाळू-सिमेंटात काम करून बोटांच्या रेषाच झिजतात. वयस्कर बायांची मशीनपुढे उगाच लाजल्यासारखी अवस्था होते, जणू चूक त्यांचीच आहे. तसं वाटून घेऊ नका. हे करून बघा :

- साबणानं हात धुवा, पूर्ण पुसा, मग बोटाला किंचित तेल लावून पुसून घ्या.
- अंगठाच पाहिजे असं नाही. दहाही बोटं एकेक करून लावून बघा. जे बोट लागतं ते लक्षात ठेवा.
- मशीनची काच पुसायला सांगा.
- नव्या मशीनला डोळ्याचा स्कॅनर असतो, तो वापरायला सांगा.
- आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी मागा.

> सावध : "अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवायचं नाही, असं केंद्र सरकारनं २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना कळवलेलं आहे. अशांची अपवाद म्हणून वहीत नोंद करून धान्य द्यायचं असतं. दुकानदाराला त्या नोंदीची आठवण करून द्या.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी तहसीलला अर्ज करा, आणि प्रतिनिधी म्हणून दुकानदाराच्या घरातलं माणूस देऊ नका.

टप्पा ६ : अर्ज द्या, पोच घ्या

अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर घ्यायचा. तोंडी सांगितलेलं काम सरकारी कार्यालयात झालेलंच नसतं. पोच देत नसतील तर आवक-जावक टेबलावर द्या, तिथेही नाही झालं तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. शिधापत्रिकेची कामं लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. कोणत्या कामाला किती दिवस, याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. तेवढे दिवस उलटले की त्याच पोचेवर पहिलं अपील करता येतं.

एजंटाबद्दल एवढंच सांगतो : त्याला दोन हजार देऊनही इष्टांक वाढत नाही.

टप्पा ७ : दुकानात पावती घ्या

अंगठा लागला की मशीनमधून पावती निघते. ती घेतल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधू नका. पावतीवर धान्य किती आणि पैसे किती ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतलं पोर सोबत न्या. गव्हाचं आणि तांदळाचं प्रमाण महिन्यानुसार बदलतं, म्हणून एकूण किलो बघा. काटा शून्यावर आहे का तेही बघा. बारदाना, हमाली, गाडीभाडं असल्या नावानं पैसे मागितले तर ते द्यायचे नसतात. दुकानदाराचं कमिशन सरकार देतं.

अंगठा आज आणि माल आठ दिवसांनी, असं कधीच मान्य करू नका. तुमचा अंगठा लागला त्या क्षणी माल दिला, अशी नोंद पडलेली असते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी : निघायच्या आधी

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालन्याकडच्या टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने घराला कुलूप असतं. धान्य मात्र सोबत जाऊ शकतं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे सांगली-कोल्हापुरातच नाही, तर कर्नाटकातल्या कारखान्यावरही जवळच्या रेशन दुकानात अंगठा देऊन प्राधान्य आणि अंत्योदयवाल्यांना आपलं धान्य उचलता येतं. एपीएल शेतकरी योजनेला हे लागू नाही.

निघण्यापूर्वी बारा अंकी नंबर मोबाइलच्या कव्हरमध्ये लिहून ठेवा, सगळ्यांची केवायसी झाल्याचं बघा, आणि आपल्या माणसांतल्या कुणाचं कोणतं बोट लागतं ते लक्षात ठेवा. म्हातारी माणसं गावात राहणार असतील तर ठरवून घ्या, इकडे किती उचलायचं आणि तिकडे किती. कोटा कार्डाचा एकच असतो.

कारखान्यावर गेल्यावर कोपी बांधून झाली की पहिल्याच आठवड्यात जवळचं दुकान शोधा. महिन्याच्या सुरुवातीला जा, तेव्हा माल शिल्लक असतो. "तुमचा कोटा इथं नाही" म्हणाले तर वाद न घालता मशीनमध्ये नंबर टाकायला सांगा. तरी नाकारलं तर दुकानाच्या पाटीचा फोटो काढा आणि १९६७ वर फोन करा.

> सावध : कार्ड मुकादमाकडे ठेवायला देऊ नका. उचलीच्या, म्हणजे कामाआधी घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात कार्ड गहाण पडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

टप्पा ८ : तक्रार, खालून वर

पहिली लेखी तक्रार तहसीलदाराकडे. मग जिल्हा पुरवठा अधिकारी. तिथेही काही हललं नाही तर अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ च्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे. फोनसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे क्रमांक आहेत. तक्रार नोंद झाल्याचा नंबर मागून घ्या.

"दुकानदार धान्य देत नाही" एवढं लिहिलं तर चौकशीत काही टिकत नाही. बारा अंकी नंबर, दुकान क्रमांक, महिना, किती किलो देय, किती मिळालं, पावतीची किंवा पडद्याच्या फोटोची प्रत, एवढं घाला. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रारीच्या शेवटी तो मागाच.

एकट्याच्या तक्रारीनंतर दुकानदार त्या घराला त्रास देतो, ही भीती खरी आहे. म्हणून जे गावाचं आहे ते ग्रामसभेत न्या. कायद्यात दक्षता समिती (कलम २९), सामाजिक अंकेक्षण म्हणजे लोकांसमोर हिशोबाची तपासणी (कलम २८) आणि दुकानाचे कागद लोकांना बघायला खुले ठेवणं (कलम २७) हे तिन्ही आहे. पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धं गाव ऊसतोडीच्या फडात असतं. ज्यांचं धान्य अडतं तेच हजर नसतात, आणि इतिवृत्तात 'कुणाची तक्रार नाही' असं लिहिलं जातं. रेशनचा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या, तोवर टोळ्या परत आलेल्या असतात. दुसरी संधी २ ऑक्टोबरला, निघण्याच्या तोंडावर. चार-पाच दिवस आधी ग्रामसेवकाला लेखी विषय द्या आणि त्यात एवढंच मागा : दक्षता समितीतल्या सदस्यांची नावं, तिच्या मागच्या बैठकीची तारीख, आपल्या दुकानाला गेल्या तीन महिन्यांत आलेला माल आणि वाटलेला माल, आणि गावातल्या लाभार्थ्यांची यादी सभेत मोठ्यानं वाचून दाखवणं. यादी वाचताना बायांना पुढे बसवा. कोण मेलं, कोण नांदायला गेलं, कुणाची चूल दोन झाली आणि कुणाचं नाव राहिलं, हे त्यांना पाठ असतं.